आधी पाणी, मग प्रश्न

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या खरेदी विभागात एका रबरवाल्याशी भावावरून हुज्जत घालत बसलो होतो. फोनवर त्यांची भाची होती. "सुनीलदादा, मावशी गेली. पहाटे." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. अशा बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच आलं. समोरच्या रबरवाल्याला म्हणालो, तुमचा भाव मान्य आहे, या तुम्ही. तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, आज आपण जिंकलो. मग मी स्कूटर काढली आणि सावेडीला मॅडमच्या घरापर्यंतचा रस्ता कसा पार केला ते मला आठवत नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. नव्व्याण्णव साल सरत आलंय, जो तो नव्या शतकाच्या गप्पा मारतोय, आणि मी मात्र दोन वर्षं मागे जाऊन बसलोय. कमल साळवे हे नाव नगरबाहेर फार कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. त्या इथल्या एका समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायच्या. माणसांशी बोलावं कसं आणि त्यांचं ऐकावं कसं, हा त्यांचा विषय. हा काय शिकवायचा विषय आहे, असं मलाही वाटायचं. मी इंजिनियर. देवळाली प्रवऱ्याच्या ऊसवाल्या घरातला, डोक्यानं जरा तापट. आमच्याकडे बोलणं म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करणं. अशा माणसाला मॅडमनी दोन वर्षांत गप्प बसायला शिकवलं, यावरून त्या शिक्षिका म्हणून काय असतील ते ओळखा.

आमची गाठ पडली ती एका फॉर्मपायी. आमचा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवतो. सत्त्याण्णव साली आमच्या परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं, की तुम्ही ज्यांच्याकडून माल घेता ते लोक माती, पाणी, हवा खराब करत नाहीत ना, ते तपासा. नुसता भाव आणि माल पाहून सप्लायर निवडायचे दिवस संपले. आमच्या मॅनेजर साहेबांनी लगेच चार पानी फॉर्म छापला आणि सगळ्या सप्लायरांना पोस्टानं धाडला. उत्तरं आली ती ठेवणीतली. जिथे होय-नाही होतं तिथे सगळ्यांनी होय लिहिलेलं. 'सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावता?' याला एकानं उत्तर दिलं होतं, 'वेळेवर'. लाकडी खोकी पुरवणाऱ्या श्रीगोंद्याच्या माणसाला विचारलं होतं, झाडे लावता काय. त्यानं लिहिलं, 'होय, दारात तुळस आहे'. साहेब खूश. पण त्या गिऱ्हाइकाचा माणूस आला, गठ्ठा चाळला आणि म्हणाला, हे सगळे संत दिसतात, आता जरा माणसांना भेटा. मग कुणीतरी साळवे मॅडमचं नाव सुचवलं.

पहिल्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात आल्या त्या खांद्याला शबनम लावून, पन्नाशीच्या आतबाहेरच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा. फॉर्म वाचता वाचता त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ही तपासणी आहे की पत्रिका? सगळ्यांचे सगळे गुण जुळतायत!" साहेबांना ते फारसं रुचलं नाही. हसून झाल्यावर मॅडमनी आपल्या अटी सांगितल्या. मुलाखत देणाऱ्याचं नाव अहवालात येणार नाही, तोंडीही सांगणार नाही. अहवालात प्रत्येकाला झाडाचं नाव असेल. टेप लावायचा तर आधी विचारून. आणि लिहून झाल्यावर ज्याचं त्याला वाचून दाखवायचं. तो म्हणेल ते खोडायचं. साहेब सगळ्याला हो म्हणाले. एसटीच्या तिकिटामागचे नियम आपण जसे मान्य करतो, तसे.

मला त्यांच्याबरोबर दिलं, कारण मला धंद्यातलं कळत होतं आणि कारखान्याची जीप चालवता येत होती. दुसरं कारण जास्त खरं. आठवड्यातून दोनतीनदा आम्ही निघायचो. कधी फौंड्री, कधी रंगकाम, कधी श्रीगोंद्याकडची खोकी. शनिवारी शिंगणापूरच्या गर्दीत जीप अडकली की मी हॉर्नवर हात ठेवून बसायचो आणि मॅडम खिडकीतून नारळवाल्या बाईला विचारत बसायच्या, उरलेल्या करवंट्यांचं काय करता म्हणून. कुठेही गेलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा पाणी देता का?" तहान असो नसो. आधी पाणी, मग प्रश्न. मला वाटलं, उन्हाची सवय नसेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाणी देताना माणूस यजमान असतो. थेट प्रश्न विचारला की तो आरोपी होतो. मला यजमानाशी बोलायचंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि माझाही एक हट्ट आहे. आमच्या लहानपणी श्रीगोंद्याकडे आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आई-वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, पण गावानं तांब्या खाली आणायला फार वेळ लावला. आता मी पेल्यात मागते, आणि बसून, सावकाश पिते." हे त्या अगदी सहज बोलल्या. मी मात्र गिअर बदलण्यात उगाच गुंतलो.

त्यांची प्रश्न विचारायची तऱ्हा मी सुरुवातीला कंटाळून ऐकायचो. खोकीवाल्याला त्या लाकडाबद्दल काही विचारेचनात. सकाळी वखार उघडली की पहिलं काय करता, इथून सुरू केलं. मग विचारलं, तुमच्या शेतातलं कुठलं झाड तुम्ही अजून तोडलेलं नाही? तो माणूस गप्प झाला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर चप्पल दाबली. बराच वेळ कुणीच बोललं नाही... आणि मग तो जे बोलायला लागला ते थांबेचना. बांधावरचे जुने आंबे, बाभळी कशा स्वस्तात मिळतात, कोण विकतं, आपल्या आजोबांनी लावलेल्या चिंचेवर मात्र करवत का चालवली नाही, सगळं. परतताना मी म्हणालो, मॅडम, हे चार पानांत मावलं नसतं. त्या म्हणाल्या, "सुनील, तू गप्प असतोस तेव्हा तुझ्याइतका हुशार माणूस जिल्ह्यात नाही."

आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहितोय त्या माणसाकडे येतो. ते लोखंडी भागांवर प्लेटिंग करून द्यायचे, म्हणजे आम्लाच्या आणि रसायनांच्या हौदांत भाग बुडवून त्यांना चकाकी आणायची, आणि मग ते पाण्यानं धुवायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. मॅडमनी दिलेला शब्द आहे तो. त्यांची शेड नगरजवळच्या एका वस्तीवर, स्वतःच्या शेतात, घराला लागून. माणूस पंचेचाळिशीचा, नीटनेटका, कामाला चोख. आमच्या विभागात त्यांच्या मालाबद्दल कधी तक्रार आली नव्हती.

मॅडमनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं. मालकांनी कामगाराकडे पाहिलं, कामगारानं मालकांकडे पाहिलं. "थंडा आन रे," मालक म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "थंडा नको, साधं पाणीच द्या." "आवो बाई, पयल्यांदा आलाय तुमी, पान्यावर कसं बोळवायचं?" मॅडमनी आणखी एकदा मागितलं. ते हसले, विषय बदलला, आणि थंड्याच्या बाटल्या आल्या. पुढचं बोलणं फॉर्मसारखंच झालं. होय, होय आणि होय.

जीपमध्ये बसल्यावर माझं डोकं फिरलं होतं. हे असलं मी घरात, भावकीत पाहिलेलं होतं. अमक्याला पाणी द्यायचं विसरायचं, आणि ते विसरणं कसं असतं ते मला पक्कं माहीत होतं. "मॅडम, याला आपण यादीतून काढू. मी साहेबांना सांगतो." "का?" "तुम्ही तीनदा मागितलं, त्यानं पाणी दिलं नाही तुम्हाला." त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "माझ्याही मनात आधी तेच आलं. पाणी आलं नाही की पहिलं तेच येतं, लहानपणापासून. आणि बऱ्याचदा तेच खरं असतं... पण सुनील, त्यानं तुला तरी दिलं का?"

मी जीप बाजूला घेतली. खरंच, मलाही बाटलीच दिली होती. त्यांनी स्वतःही पाणी घेतलं नव्हतं, तेही थंडाच प्यायले होते. आपल्याकडे कुणाच्या दारात गेलं की आधी तांब्या पुढे येतो, आणि या माणसाच्या घरात, शेतात विहीर असताना, पाण्याचा थेंब बाहेर आला नव्हता. "त्याला माझं काही वावडं नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला त्याच्या पाण्याचं वावडं आहे."

त्यानंतर त्या तिथे पुन्हा गेल्या, आणि मग पुन्हा. सांडपाण्याचं नाव काढलं नाही. धंदा कसा उभा केला, पहिला हौद कुणी बांधून दिला, बायको काय म्हणते, असंच. तिसऱ्या खेपेला टेप लावायची परवानगी घेतली आणि सहज विचारलं, "घरी प्यायचं पाणी कुठून भरता?" मालक थांबले. बाहेर कुणीतरी लोखंड आपटत होतं, तेवढाच आवाज. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नाही, तोपर्यंत शिकलो होतो. मग ते म्हणाले, "गावातनं आनतो, क्यान भरून. आमच्या हिरीचं पानी पिवळाट यायला लागलंय, गेल्या उन्हाळ्यापास्नं." आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. धुण्याचं पाणी ते शेडमागच्या शोषखड्ड्यात सोडत होते. जमीन जिरवते, असं वाटायचं. आपल्या घरात विहिरीचं पाणी बंद केलं, कुणाला बोलले नाहीत. खालच्या अंगाला भावकीची विहीर आहे, पाचसहा घरं तिच्यावर. "तिथं गेलं नसंल वो. लांब हाय ती." "तपासलंय?" "न्हाई." मग टेपकडे बघून म्हणाले, "बाई, ह्ये कंपनीला कळलं तर माझी शेड बंद हुईल. धा मान्सं हायत माज्याकडं." मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

परत येताना मी बोलत सुटलो. खालच्या विहिरीचं पाणी लोक पितायत, पोरंबाळं पितायत, कसला शब्द आणि कसलं काय. मॅडम म्हणाल्या, "शब्द मोडला तर उद्या एकही माणूस कुणाला खरं सांगणार नाही. फॉर्मवरचे होय तेवढे उरतील. आणि शब्द पाळला तर ती माणसं ते पाणी पीत राहणार. मला आत्ता काही सुचत नाहीये सुनील, तू जरा गप्प बस." त्या चिडलेल्या मी तेवढ्याच एकदा पाहिल्या.

दोनच दिवसांनी त्या टाईप केलेले कागद घेऊन निघाल्या, वाचून दाखवायला. शेडच्या ओट्यावर बसून मॅडमनी मालकांना त्यांचं सगळं बोलणं वाचून दाखवलं, 'बाभूळ' या नावाखालचं. मालक खाली मान घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सगळं बराबर हाय. पन हिरीचं तेवढं खोडा." मला वाटलं, आता मॅडम काहीतरी बोलतील. त्यांनी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर त्या ओळी खोडल्या, एकेक ओळ, वाचता येणार नाही अशा. मी उठून जीपकडे निघालो होतो, इतका संताप आला होता. तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला, "कागदावरचं खोडलं. आता जरा वस्तीवर जाऊन येऊ. तुमच्या चुलतभावाचं घर कुठलं?"

पाहुण्या बाईला एकटं कसं सोडायचं, म्हणून मालकही बरोबर आले. उतारावरचं पहिलंच घर. त्यांची चुलतवहिनी दारात धान्य पाखडत होती. "या की, बसा," म्हणाली आणि काही विचारायच्या आत घरातून तांब्या आणि पेला घेऊन आली. त्या दिवशी मॅडमना पाणी मागावं लागलं नाही. वहिनींनी पेला भरून हातात दिला. मॅडमनी मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पेला धरून त्या वहिनींना विचारत होत्या, मुलं किती, शाळा कुठली. वहिनी सांगत होत्या. मग मॅडमनी पेला तोंडाजवळ नेला.

"बाई, नका पिऊ."

मालकांचा आवाज असा काही आला, की वहिनींच्या हातातला तांब्या तिथेच राहिला. "का वो भावजी?" त्यांनी विचारलं. मालक पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. शोषखड्डा, आपल्या विहिरीचं पिवळं पाणी, गावातून आणायचे कॅन, सगळं. मॅडमनी एक शब्द सांगितला नाही. सगळं त्यांच्याच तोंडून आलं. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी मॅडमच्या हातातून पेला घेतला, अंगणात ओतला, आणि म्हणाल्या, "प्वारं पित्यात की वो भावजी." एवढंच. मालक दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. मला त्या माणसाचा राग होता, आणि तरी तो राग त्या पायरीपाशी कुठे गेला ते कळलं नाही.

जीपमध्ये मी विचारलं, "मॅडम, त्यांनी अडवलं नसतं तर?" "तर प्यायले असते. तहान लागली होती." पुष्कळ अंतर गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "मला खात्री होती असं समजू नकोस."

त्या दिवसापासून वस्तीवरच्या घरांना प्यायचं पाणी मालकांच्या टेम्पोतून येऊ लागलं, शोषखड्डा बुजला, आणि हौदांचं काम महिनाभर बंद राहिलं. आम्हाला त्यांनी कळवलं, मशीन बिघडलंय. वस्तीनं त्यांना शिव्या द्यायच्या त्या दिल्या. चुलतभाऊ दिवाळीला बोलला नाही. पण घरातलं भांडण वस्तीनं घरातच ठेवलं, नाव बाहेर जाऊ दिलं नाही.

इकडे अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला. विहिरीचा उल्लेख नव्हता, पण प्लेटिंगच्या कामात एकूणच पाण्याचा मोठा प्रश्न आहे, माणसं घाबरून तो लपवतात, आणि कंपनीच्या या भीतीपायी कंपनीला कधी खरं कळणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. "बाभूळ कोण, चिंच कोण, ते सांगा. बाकी साहित्य आम्हाला नको." मॅडम म्हणाल्या, "नावं मिळणार नाहीत, हे पहिल्या दिवशीच ठरलंय." "अहो, पैसे आम्ही दिलेत!" "त्या पैशात माहिती आली, साहेब. माणसं नाही आली." साहेब तांबडे झाले. त्यांनी कॉलेजकडे तक्रार केली, मॅडमना प्राचार्यांनी समज दिली, पुढची दोन कामं हातची गेली. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तू तर सगळीकडे बरोबर होतास. मी म्हणालो, मी गाडी चालवत होतो, साहेब.

वाट शेवटी मॅडमनीच काढली. त्या म्हणाल्या, एकाला शोधू नका, सगळ्यांना मदत करा. प्लेटिंगवाले सगळे एका रांगेत धरा, प्रत्येकाकडे तोच इंजिनियर पाठवा, तशीच पाणी शुद्ध करायची टाकी सगळ्यांकडे बांधा, आणि जो आपली अडचण आपणहून सांगेल त्याचं काम काढू नका, त्याला मुदत द्या. साहेब आधी फणफणले. मग परदेशी गिऱ्हाइकाला ते पटलं, आणि मग ती साहेबांची कल्पना झाली. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. आज आमच्याकडे सप्लायर पारखताना फॉर्म नंतर येतो. आधी कुणीतरी जाऊन बसतं, ऐकतं, लिहितं आणि वाचून दाखवतं. ते कुणीतरी बऱ्याचदा मीच असतो. वस्तीवर आता गावच्या नळाची लाईन आली आहे. खालची विहीर मात्र अजून पिण्याजोगी झालेली नाही, हेही लिहायला हवं. मॅडमनी ते खोडू दिलं नसतं.

माझ्या घरातही त्यांचा एक उपकार आहे. मी शेती सोडून नोकरीला आलो तेव्हापासून वडील माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी एकदा जीपमध्ये त्याबद्दल कुरकुर केली. मॅडमनी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता, असं वडिलांना कधी विचारलंस?" मी म्हटलं, त्यात काय विचारायचं, माहीतच आहे. "माहीत आहे ना? मग विचारच." पुढच्या रविवारी देवळालीला जाऊन विचारलं. दादा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिले. मी गप्प बसलो. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, की उठल्यावर आधी ते बैलांच्या गोठ्यात जातात, बैल विकून कितीतरी वर्षं झाली तरी... दुपारची जेवणं आम्ही त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून केली. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

मॅडमच्या आजारपणात त्यांना दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता. मी त्यांच्या तब्येतीचं विचारत होतो आणि त्या मला सांगत होत्या, इथली सिस्टर नेवाशाहून रोज एसटीनं येते, तिच्या मुलीला चित्रं काढायला आवडतात. मला मॅडमचे आभार मानायचे होते. जीभ उचलली नाही. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण म्हणाल्या, "गप्प बसायला शिकलास हां तू." ती शेवटची चेष्टा.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी मॅडमवर लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी हे सगळं लिहून काढलं, आणि मग लक्षात आलं की हे असंच छापायला देता येणार नाही. यात एका माणसाची गोष्ट आहे. तिथे नाव नसलं तरी गोष्ट त्याची आहे. म्हणून परवा कागद घेऊन त्या शेडवर गेलो. मॅडम गेल्या तेव्हा मालक त्यांच्या घरी येऊन गेले होते, पण तिथे ते कुणाशी काही बोलले नव्हते. आम्ही ओट्यावर बसलो आणि मी त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. वाचताना मला कळलं, की माझा वेगही मॅडमसारखाच झालाय. वाक्य संपलं की मी थांबतो, समोरच्याला काही म्हणायचं असेल म्हणून. वहिनींनी पेला ओतला तिथे त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी थांबलो. "वाचा," ते म्हणाले.

संपल्यावर विचारलं, "काही खोडायचंय?"

"ह्यो मालक मालक म्हंजी मीच ना?"

"तुम्हीच."

"मंग नाव कुठाय?"

मी म्हणालो, मॅडमनी शब्द दिला होता, तो मला मोडता येणार नाही. शिवाय आमचे साहेब अजून तिथेच आहेत, ते वाचणार, तुमच्या कामावर परिणाम होऊ शकतो. मी तुमच्या बाजूनं उभा राहीन, पण माझं किती चालेल ते सांगता येत नाही.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाईंनी शबूद मला दिल्ता ना? म्हंजी माजाच हाय त्यो. त्येंनी माज्यापायी लई सोसलं, मी कुनापुढं एकदा बी त्येंचं नाव घेतलं न्हाई. भ्यालो. तुमी लिवा. ज्ञानदेव रामभाऊ शेंडगे. हिरीत इख म्या घातलं, आन ते बोलायला मला बाईंनी लावलं."

मी त्यांच्यासमोरच लिहिलं. त्यांनी ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं, नावासकट. मी वाचलं. विचारलं, "असंच ठेवू?"

"व्हय," शेंडगे म्हणाले. "आता नका खोडू."